वाचनालयातल्या ताईंना, खळीच्या वाटीबद्दल

ताई, सप्रेम नमस्कार.

उन्हाळी वाचनवर्ग संपला, तरी मुलं सकाळी साडेसातला पिशवी घेऊन दाराशी तयार असतात. म्हणून हे जाहीर पत्र.

विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. एवढ्या लांब सुटीत नुकतं वाचू लागलेलं मूल जोडाक्षरांवर पुन्हा अडखळतं. तुम्ही जोडाक्षरं नसलेली पुस्तकं वेगळी काढलीत, मुखपृष्ठ दिसेल अशी दोरीवर चिमट्यांनी लावलीत, गोष्ट ऐन रंगात आली की वाचणं थांबवून पुस्तक सतरंजीवर तसंच ठेवलंत. त्यावर मुलांची झुंबड उडायची. ऊन चढायच्या आत, साडेनऊला सुटी.

याआधीच्या एका शिबिरात पुस्तकं मोजायचे. जास्त वाचणाऱ्याला बक्षीस, म्हणून मुलं पातळ पुस्तकं शोधायची. वर प्रत्येकाचा सारांश लिहा. पान फाटलं की दंड! दंडाच्या धाकानं पुस्तक गादीखाली जायचं आणि मूलही परत फिरकायचं नाही.

तुमच्याकडे पहिल्यांदा फाटलेलं पान आलं, तेव्हा तुम्ही आवाज चढवला नाहीत. त्या मुलाला शेजारी बसवून कागद चिकटवायच्या खळीची वाटी पुढे सरकवलीत. दोन चमचे मैदा, अर्धी वाटी पाणी, मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळलेली. खळ टिकावी म्हणून घालतात ते विषारी मोरचूद मुलांच्या हाताला नको, म्हणून खळ रोज ताजी. फाटलेल्या कडा जुळवायच्या, पांढऱ्या पतंगी कागदाची बोटभर पट्टी वरून लावायची (रंगीत कागदाचा रंग ओला झाला की पानावर उतरतो), दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून रात्रभर जाड शब्दकोशाखाली दाबायचं. सेलोटेप तुम्ही हातात धरू दिला नाहीत, तेही बरोबरच. इथल्या उन्हात त्याचा गोंद पाघळतो, पानं एकमेकांना चिकटतात आणि वर्ष-दोन वर्षांत पिवळा डाग कायमचा राहतो.

दुसऱ्या दिवशी त्या पोरानं आपणच जोडलेलं पान सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं. तिथून पुढे फाटकी पुस्तकं आपणहून परत येऊ लागली. लहान मुलावर इतका भरवसा टाकणारी माणसं आहेत, हे बघून फार बरं वाटलं, ताई. तुमचे उपकार आहेत आमच्यावर.

कूलरजवळच्या कपाटातली पुस्तकं ओलीनं फुगली आहेत, तेवढं कपाट हलवायला आम्ही रविवारी येतो. पतंगी कागद संक्रांतीनंतर सहजी मिळत नाही, तो पुढच्या वर्षासाठी वेळेवर घेऊन ठेवू.

तुमच्या मोहल्ल्यातले पालक, नागपूर