शरणपूरच्या मावशींस अनावृत पत्र

आदरणीय मावशी,

ख्रिस्ताच्या नावाने सलाम.

अंथरुणाला खिळलेल्या माझ्या वडिलांच्या शुश्रूषेबद्दल आपले आभार मानण्याचा प्रयत्न मी चौदा महिन्यांत निदान चार वेळा केला आणि चारही वेळा आपण 'लूक सतरा, दहा' एवढेच म्हणून पिशवी उचललीत. सांगितलेले सगळे करून झाल्यावर दासांनी स्वतःला निरुपयोगी म्हणावे आणि आम्ही आमचे कर्तव्य तेवढे केले असे म्हणावे, हा बायबलमधल्या त्या वचनाचा आशय मला ठाऊक आहे. पण दासाने काय म्हणावे ते तिथे सांगितले आहे. ज्याची सेवा झाली त्याने गप्प बसावे, असे काही तिथे लिहिलेले नाही. आता आपण मुलीकडे नगरला राहायला गेला आहात आणि समोर उभे राहून मला थांबवू शकत नाही, ही संधी साधून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. आपले नाव मात्र लिहीत नाही, कारण ते दिसले तर आपण पुढचे वाचणार नाही.

वडिलांना पक्षाघाताचा झटका आला तो डिसेंबर महिना होता, आणि जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही त्यांना नाशिकच्या पंचवटीतल्या घरी आणले. उजवी बाजू गेलेली, वाचा गेलेली, नाकात अन्नाची नळी आणि खाटेला लघवीची पिशवी. औषधांची यादी रुग्णालयाने नीट समजावून दिली होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस बदलत राहावी लागते, एवढी एक गोष्ट सांगायची मात्र सगळ्यांकडून राहून गेली. पुढे माझ्या रजा संपल्या, सातपूरच्या ज्या कारखान्यात मी स्टोअर सांभाळत होतो तिथले कंत्राट वाढवले गेले नाही, आणि घर पत्नीच्या शिलाई मशीनवर चालू लागले. हे थोडक्यात सांगतो, कारण मला लिहायचे आहे ते वेगळेच आहे.

जानेवारीच्या शेवटी आमच्या चर्चच्या मंडळीतल्या कोणीतरी आपल्याला आमचा पत्ता दिला. आपण दारात उभ्या होतात, चपला अजून पायांत होत्या, आणि ओळख करून देण्याच्या आधीच म्हणालात, "पाठीला जखम आहे. वास येतोय." मी नाही म्हणालो, आणि ते खरे वाटूनच म्हणालो, कारण आम्ही त्यांना रोज पुसून काढत होतो, पावडर लावत होतो आणि चादरीला एक सुरकुतीही पडू देत नव्हतो. आपण त्यांना कुशीवर वळवले तेव्हा माकडहाडावर जुन्या रुपयाएवढी काळी खपली दिसली. स्वच्छतेच्या समाधानात आम्ही तीन आठवडे त्यांना त्याच एका हाडावर निजवून ठेवले होते. पत्नी रडू लागली. आपण तिला गप्प केले नाहीत की धीरही दिला नाहीत. गरम पाणी मागितलेत.

त्या दिवशी आणि नंतरच्या आठवड्यात आपण जे शिकवलेत ते मी येथे मुद्दाम लिहितो, कारण हे पत्र वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या तरी घरात आज अशी खाट असेल. काळी पडलेली कातडी काढणे हे सर्जनचे काम आहे, घरच्यांनी तिला हात लावायचा नाही. दिवसा काय आणि रात्री काय, दर दोन तासांनी कूस बदलायची. पूर्ण आडवे न करता पाठीमागे उशी लावून थोडे कलते ठेवायचे, म्हणजे भार कमरेच्या हाडावरही येत नाही. पोटऱ्यांखाली उशी अशी ठेवायची की टाचा अधांतरी राहतील. वर सरकवताना ओढायचे नाही, खाली दुमडलेली चादर दोघांनी दोन बाजूंनी धरून उचलायचे, कारण ओढल्याने आतली कातडी फाटते आणि ती बाहेरून दिसत नाही. लाल झालेल्या जागी बोट दाबून सोडायचे. पांढरे होऊन पुन्हा लाल झाले तर अजून वेळ आहे, लाल ते लालच राहिले तर जखमेला सुरुवात झाली आहे. त्या जागी चोळायचे नाही, आणि मधे भोक असलेली ती गोल रबरी गादीही वापरायची नाही. आम्ही ती हौसेने आणली होती. आपण ती खाटेखाली ढकललीत आणि तिच्यावर औषधांचा खोका ठेवलात.

जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे आपण रेघा आखून दिल्यात: वेळ, कूस, सही. सहीचा आग्रह मला तेव्हा अपमानास्पद वाटला होता. "सही असली की माणूस स्वतःशी खोटं बोलत नाही," असे आपण म्हणालात. रात्री दोनच्या रकान्यात काही ठिकाणी मी पहाटे चारला सही केली आहे, हे आज कबूल करतो. आपल्याला ते तेव्हाच कळले असावे.

भेटीला माणसे पुष्कळ आली. त्यांची कृतज्ञता मला आहेच, तरीही एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. बहुतेकांनी ही देवाने घेतलेली परीक्षा असल्याचे सांगितले, काहींनी कोणते पाप झाले असेल याचा हळुवार शोध घेतला, आणि प्रार्थना तर इतक्या लांब होत गेल्या की एकदा एका वडीलधाऱ्या गृहस्थांची प्रार्थना बायबलच्या उत्पत्तीपासून निघून अजून संदेष्ट्यांपर्यंतही पोहोचली नव्हती, तेवढ्यात आपण घड्याळाकडे पाहून म्हणालात, "आमेन म्हणा भाऊ, बारा वाजले, कूस बदलायची आहे. या, चादर धरा." त्यांनी चादर धरली. ते पुढे दर गुरुवारी त्या कामासाठी येत राहिले आणि त्यांची प्रार्थना खूपच आटोपशीर झाली.

आपला स्वभाव गोड होता असे मी लिहिले तर माझी पत्नीच हे पत्र फाडील. नळीतून अन्न देताना डोक्याकडची बाजू उंच न केल्याबद्दल आपण तिला जे बोललात ते तिला आजही लागते. ते अन्न फुप्फुसात गेले असते तर काय झाले असते हे नंतर कळूनही लागते. आपण चहा बिनसाखरेचा घेत होतात, भाकरी दिली तर खात होतात, पैसे घेत नव्हतात. एकदा मी पाकीट आपल्या पिशवीत लपवले, ते पुढच्या रविवारी भक्तीच्या वेळी आपण सर्वांदेखत माझ्या हाती देऊन दानाची पिशवी पुढे केलीत. आमच्या घरात पैसे नव्हते हे आपल्याला ठाऊक होते, तरी ते पाकीट मला परत खिशात घालू दिले नाहीत. त्याचा मला राग आला होता. थोडा अजूनही आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतले तिच्याकडे येतो. ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला आणि नाशिककर ज्याच्यावरून पुराची उंची मोजतात त्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या छातीपर्यंत पाणी चढल्याची बातमी सकाळीच आली. आज मावशी येणार नाहीत, असे म्हणून मी ड्रेसिंगचे सामान स्वतःच काढले. अकरा वाजता आपण होळकर पुलावरून वळसा घालून, गुडघ्यापर्यंत भिजून आलात, आणि पाय पुसता पुसता म्हणालात, "आज यायचं नव्हतं मला. घरातून निघेपर्यंत देवाशी भांडत होते." मी चकित होऊन विचारले की मग आलात का. आपण मत्तयाच्या शुभवर्तमानातल्या त्या दोन मुलांची आठवण करून दिलीत. बापाने द्राक्षमळ्यात काम करायला जा म्हटल्यावर एक 'जातो' म्हणाला आणि गेला नाही, दुसरा 'नाही' म्हणाला आणि मागाहून गेला. "नाशिकच्या माणसाला द्राक्षमळा काय समजावून सांगायचा," असे म्हणून आपण हातमोजे चढवलेत. "छाटणीला जायचं म्हटलं की कोणालाच उत्साह नसतो. छाटणी होते की नाही, एवढंच बघायचं."

त्या दिवशी, जखम धुऊन झाल्यावर, मी आपल्याला ते सांगितले जे मी पत्नीलाही सांगितले नव्हते. वडिलांवर माझे प्रेम नव्हते. त्यांच्या दारूपायी माझी आई जिवंतपणी झिजली. मी कमावता झाल्यापासून आम्ही दोघे एका घरात राहून कामापुरते बोलत होतो, आणि त्यांचे अंग पुसताना माझ्या मनात करुणेचा लवलेशही उठत नव्हता. ख्रिस्ती माणसाने प्रेमाने सेवा करावी असे मी लहानपणापासून ऐकले होते, म्हणून माझी सगळी सेवा म्हणजे ढोंग आहे आणि देवाला ते ढोंग दिसते आहे, असे मला वाटत होते. दोन तासांनी कूस बदलण्याच्या कष्टापेक्षा तो विचार मला जास्त थकवत होता.

आपण उपदेश कराल असे वाटले होते. आपण मला पाचवी आज्ञा म्हणायला लावलीत. (माझा नाशिकरोडचा कॅथलिक मेव्हणा तिला चौथी म्हणतो; आकड्याचा वाद त्याच्याशी.) मी म्हणालो, आपल्या बापाचा व आपल्या आईचा मान राख. आपण म्हणालात, "यात प्रेम कर असं लिहिलंय का? मान राख, असं लिहिलंय. तू रात्री दोनला उठून त्यांची कूस बदलतोस, हा मान झाला. प्रेम मागून आलं तर आलं. नाही आलं तर त्याचा जाब तुला विचारणारी मी नव्हे, आणि तूही नव्हेस." मग थोड्या वेळाने, कात्रीने चिकटपट्टी कापता कापता, इब्री लोकांस पत्रातले ते वाक्य आपण आठवलेत की पुत्र असूनही ख्रिस्ताने जे दुःख सोसले त्यातून तो आज्ञाधारकपणा शिकला. "शिकला, बघ. त्यालाही शिकावं लागलं."

मावशी, एखाद्याच्या खांद्यावरचे ओझे उतरवावे तसे काहीतरी त्या सकाळी झाले, आणि हे पत्र मुख्यत्वे त्या सकाळबद्दल आहे. मंडळीत मी पुष्कळ उपदेश ऐकले आहेत आणि त्यांत प्रेमाचा महिमा भरपूर होता, पण प्रेम जागे नसेल त्या दिवशी माणसाने काय करावे, हे मला कोणी सांगितले नव्हते. त्या दिवसानंतर मी स्वतःच्या मनात डोकावून पाहणे बंद केले आणि घड्याळाकडे पाहू लागलो.

आपल्या शरणपूरची एक जुनी गोष्टही आपण चादर उचलतानाच सांगितलीत. शरणपूर रस्त्यावरून मी आयुष्यभर ये-जा केली होती. परंतु एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या त्या वस्तीत, अरबांच्या गलबतांवरून सोडवलेली आफ्रिकी गुलाम मुले राहत होती, अक्षरे आणि हातकामे शिकत होती, हे मला कोणत्याही शिक्षकाने सांगितले नव्हते. त्यांतला जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारे मिशनरी व संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टन यांच्या तुकडीत गेला. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या आत चिटांबोच्या गावी वारले, तेव्हा सोबतच्या माणसांनी त्यांचे हृदय तिथेच झाडाखाली पुरले, त्या वेळचे शास्त्रवाचन नाशिकला शिकलेल्या या तरुणाने केले, आणि मग देह उन्हात सुकवून, झाडाच्या सालीत गुंडाळून, दीड हजार किलोमीटरहून अधिक वाट तुडवत त्यांनी तो समुद्रकाठी पोहोचवला. त्यासाठी १८७४ चा फेब्रुवारी उजाडला. वेनराइट देहाबरोबर इंग्लंडला गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये पेटी धरणाऱ्यांत तोही होता. तिथेच पुरून मोकळे व्हा, असे कोणी त्यांना म्हटले असते तर त्यात वावगे काही नव्हते. हुकूम देणारा तर मरूनच गेला होता. ही सगळी हकीकत सांगून आपण चादरीचे आपल्याकडचे टोक मुठीत गुंडाळलेत आणि म्हणालात, "आपल्याला या कुशीवरून त्या कुशीवरच न्यायचंय. उचल."

जखम सप्टेंबरअखेर भरली. आपण रोजचे येणे सोडून आठवड्यातून दोनदा येऊ लागलात, पण कॅलेंडर तपासणे सोडले नाहीत.

वडील मार्चमध्ये, ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात, पहाटे गेले. आमच्यात समेट वगैरे झाला नाही. त्यांना बोलता येत नव्हते आणि मला बोलायचे नव्हते. एक मात्र आपल्याला सांगायचे राहिले होते. जाण्याच्या दहा-बारा दिवस आधी मी त्यांच्या उजव्या हाताची नखे काढत होतो. तो हात मेलेला, त्याला कळण्यासारखे काही नव्हते. पाचवे नख झाल्यावर मी नेलकटर पुसू लागलो, तेव्हा त्यांनी डावा हात आपणहून उचलून माझ्यापुढे धरला. मी ती पाचही नखे सावकाश काढली, जरुरीपेक्षा जास्त सावकाश. याला काय म्हणायचे हे मी ठरवलेले नाही. आपण म्हणाला होतात ते मागून येणारे हेच असेल तर ते आले होते.

एक व्यवहाराची गोष्ट. आपली ड्रेसिंगची कात्री आमच्याकडे राहिली आहे आणि ती परत करायला उशीर होतो आहे, याबद्दल क्षमा असावी. ती सध्या मखमलाबादच्या एका घरी आहे. तिथल्या आजींची जखम अजून दोन बोटे बाकी आहे आणि त्यांचा मुलगा सहीच्या रकान्यावरून माझ्यावर चिडलेला आहे. काम झाले की धार लावून, नगरला येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवीन.

आपला आज्ञाधारक,
पंचवटीतला आपला एक मंडळीबंधू