‘सर्व कंडेन्सर बदलले’ असे पावतीवर लिहून जुनेच ठेवलेल्या व्हॉल्व्ह रेडिओबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
दुरुस्ती विभाग

महोदय,

माझ्या वडिलांनी १९६३ साली घेतलेला फिलिप्सचा व्हॉल्व्ह रेडिओ (काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) मी जानेवारीत साताऱ्याहून आपल्या पुण्याच्या वर्कशॉपमध्ये स्वतः आणून दिला आणि मार्चमध्ये १४,५०० रुपये भरून परत नेला. पावतीवर आपल्या माणसाच्या हातचे दोन शेरे आहेत : ‘सर्व पेपर व इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर बदलले’ आणि ‘आठ तास चालवून तपासला’. पहिला शेरा खोटा आहे. त्यामुळे दुसऱ्यावरही माझा विश्वास राहिलेला नाही.

गुढीपाडव्याला सकाळी रेडिओ लावला. ७९२ किलोहर्ट्झवरचे पुणे केंद्र अगदी स्वच्छ लागले. वीस-पंचवीस मिनिटांत आवाज घोगरा झाला, मग बसत गेला आणि जळका वास सुटला. मागच्या पुठ्ठ्याच्या भोकांतून पाहिले तर ईएल ८४ या आवाज मोठा करणाऱ्या व्हॉल्व्हची प्लेट (आतला धातूचा पत्रा) लालबुंद झालेली. मी लगेच प्लग ओढला, पण तोवर स्पीकरला आवाज पोचवणारा आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेला होता.

आमच्या पेठेत एक निवृत्त रेडिओ मेकॅनिक राहतात. त्या काकांनी चासी (आतला धातूचा सांगाडा) उलटी करून मला एकेक गोष्ट दाखवली. नवे घातलेले कंडेन्सर दोनच, ते फिल्टरचे, कारण ते निकामी असले की रेडिओ घुमतो आणि गिऱ्हाईकाला लगेच कळते. मेणाचे लेप असलेले नऊ पेपर कंडेन्सर जसेच्या तसे आहेत. त्यांच्या टोकांची झाळही कारखान्यातलीच आहे. ईबीसी ८१ या आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरून ईएल ८४ च्या ग्रिडकडे (करंट आवरणाऱ्या जाळीकडे) जाणारा ०.०१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर लीक होता, म्हणजे अडवायचे ते व्होल्टेज पुढे सोडत होता. काकांनी ईएल ८४ काढून ठेवला, जास्त करंट जाऊ नये म्हणून रेडिओ बल्बच्या सिरीजमध्ये सुरू केला आणि सॉकेटच्या २ नंबरच्या पिनवर मीटर लावला. तिथे शून्य हवे होते, अधिक ११ व्होल्ट आले. ग्रिडवर असे पॉझिटिव्ह व्होल्टेज आले की व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो, प्लेट लाल होते आणि ट्रान्सफॉर्मरची बारीक तारेची प्रायमरी (व्हॉल्व्हकडची गुंडाळी) जळते. जुन्या सेटमध्ये सर्वांत आधी बदलायचा कंडेन्सर तो हाच, हे आपल्या वर्कशॉपला माहीत नसेल असे मी मानत नाही. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, तपकीर गल्लीत, तो दहा-वीस रुपयांना मिळतो.

डायलचा दोरा आणि बँड स्विच यांचे काम मात्र चांगले झाले आहे, तेही नोंदवते.

ट्रान्सफॉर्मर पुन्हा गुंडाळता येईल. डायलच्या काचेचे काय करायचे, हे मला कळत नाही. या काचेवरची अक्षरे आतल्या बाजूने छापलेली असतात आणि साठ वर्षांनी ती नुसत्या बोटानेही निघतात. आपल्याकडे कोणीतरी ती काच आतून स्पिरिटने किंवा थिनरने पुसली. शॉर्टवेव्हची अर्धी पट्टी आणि ‘कोलंबो’ हे नाव साफ गेले आहे. दर बुधवारी रात्री वडील काटा तिथे आणून ठेवत आणि आम्ही भावंडे रेडिओ सिलोनवरच्या गीतमालेसाठी रेडिओभोवती बसत असू. शाळेत इंग्रजी सुरू होण्याच्या कितीतरी आधी वडिलांनी मला ती अक्षरे त्या काचेवर बोट ठेवून शिकवली. रेडिओ दरवर्षी पोस्टात पैसे भरून परवाना घ्यावा लागे, त्या काळातला आहे. परवान्याची पुस्तिकासुद्धा आम्ही जपली आहे. काचेला हात लावू नका, असे मी रेडिओ देताना काउंटरवर दोनदा सांगितले होते.

दुरुस्तीसाठी रेडिओ पुन्हा आपल्याकडे पाठवण्याची माझी तयारी नाही. काम काकांच्या देखरेखीखाली साताऱ्यातच होईल, खर्च आपण द्यावा. ट्रान्सफॉर्मर मूळ गाभ्यावरच गुंडाळून घ्यायचा आहे, दुसरा कुठला तरी बसवायचा नाही. ईएल ८४ नवा लागेल. काचेचा समोरून काढलेला फोटो माझ्याकडे आहे, त्यावरून स्क्रीन प्रिंटिंग करून घेण्याचा खर्चही आपलाच. शिवाय न केलेल्या कामाचे घेतलेले पैसे परत हवेत. काढलेले दोन फिल्टर कंडेन्सरही परत पाठवावेत. ते माझे आहेत आणि त्यांची रिकामी नळकांडी चासीवर पुन्हा बसवायची आहेत.

पावतीवर हे शेरे कोणी लिहिले आणि आठ तासांची तपासणी कोणत्या दिवशी झाली, याचेही लेखी उत्तर हवे. प्लेट लाल झाली तेव्हा माझा सात वर्षांचा नातू रेडिओशेजारी बसला होता. मी स्वयंपाकघरात असते तर काय झाले असते, हा विचार अजून मनातून जात नाही.

पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत उत्तर आले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल मी जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन. पावतीची प्रत, चासीचे फोटो आणि काचेचे आधीचे व नंतरचे फोटो सोबत जोडले आहेत.

आपली ग्राहक,
(नाव व पत्ता पावतीप्रमाणे)
सातारा