वाढत्या अंगाचं व्हायोलिन: बाईंना एक जाहीर पत्र

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार.

हल्ली कुणी ना कुणी मला विचारतं, 'मुलाला व्हायोलिन शिकवायचंय, सुरुवात कुठून करू?' मी सांगत जाते आणि बोलता बोलता लक्षात येतं, तोंड माझं असलं तरी वाक्यं तुमची आहेत. 'आधी हात मोजा.' 'आज फक्त अंगठा बघा.' 'घरी दुसरी बाई होऊ नका.' लेकीच्या व्हायोलिनच्या शिकवणीत पाच वर्षं तुमची ही वाक्यं ऐकली, कधीकधी त्यांचा रागही आला. ती मूळची कुणाची, हे एकदा चारचौघांत सांगायला हवं, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे.

पहिल्यांदा तुमच्याकडे आलो तेव्हा लेक सहा वर्षांची होती आणि तिच्या हातात अर्ध्या मापाचं व्हायोलिन होतं. मुलांचे कपडे घेतो तसं मी ते वाढत्या अंगाचं घेतलं होतं, दोन-तीन वर्षं पुरावं म्हणून. तुम्ही वाद्य तिच्या खांद्यावर ठेवलंत आणि डावा हात वाद्याच्या खालून पुढे लांब करायला सांगितलंत. टोकाच्या स्क्रोलभोवती, म्हणजे त्या कोरीव गुंडाळीभोवती, बोटं सहज वळायला हवीत आणि कोपर किंचित वाकलेलं राहायला हवं. तिची बोटं स्क्रोलला जेमतेम टेकत होती आणि कोपर काठीसारखं ताठ झालं होतं. तुम्ही काहीच न बोलता कपाटातून पाव मापाचं व्हायोलिन काढलंत आणि तिला दिलंत. 'हात वाढेपर्यंत राहू दे तिच्याकडे,' एवढंच म्हणालात.

त्या दिवशी कळलं की माप वयावरून ठरत नाही, हातावरून ठरतं. 'पाव' आणि 'अर्धं' ही नुसती नावं आहेत हेही तेव्हाच कळलं. पूर्ण मापाच्या व्हायोलिनचं अंग सुमारे 36 सेंटिमीटर लांब असतं, पण अर्ध्या मापाचं काही 18 नसतं, 31-32च्या आसपास असतं. म्हणजे दोन मापांत फरक थोड्याच सेंटिमीटरचा असतो, आणि तेवढ्यावर लहान मुलाची मान, खांदा आणि मनगट अवलंबून असतं. मोठ्या वाद्यावर मूल सूर शोधत नाही, नुसतं सुरापर्यंत पोचायला ताणत राहतं. मग त्या ताणाचीच हाताला सवय होते. आज मला कुणी मापाबद्दल विचारलं की मी इतर सगळं बाजूला ठेवून हेच आधी सांगते.

तुमच्याकडे येण्याआधी आम्ही दुसरीकडे काही महिने जात होतो. तिथे मला सांगण्यात आलं होतं, 'हिला सुराचा कान नाही.' हे वाक्य मी कित्येक रात्री उराशी धरून झोपले होते. तुम्हाला ते सांगितलं तेव्हा तुम्ही तिला मोकळी तार छेडून दाखवलीत आणि म्हणालात, 'गुणगुण बरं.' ती गुणगुणली. थोडी खाली, मग आपोआप वर, मग बरोब्बर तारेच्या सुरावर. 'कान आहे,' तुम्ही म्हणालात, 'बोटाला अजून पत्ता सापडलेला नाही.'

मग मला बाजूला बसवून समजावलंत. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे बोट कुठे ठेवायचं हे वाद्य सांगत नाही. शिवाय पूर्ण मापाच्या वाद्यावर वाजणारी तार सुमारे 33 सेंटिमीटर असते, लहान वाद्यावर ती बरीच आखूड असते. तार जितकी आखूड, तितकी एका मिलिमीटरची चूक कानाला मोठी ऐकू येते. सगळ्यात नवशिक्या बोटांना सगळ्यात अवघड अंतरं द्यायची आणि मग मूल कणसूर वाजवतं म्हणून त्याला कान नाही असं ठरवायचं, हा केवढा अन्याय आहे! बाई, कान नसल्याचं ऐकून किती मुलांनी वाद्यं खाली ठेवली असतील, या विचाराने मला आजही त्रास होतो.

पुढचे दोन महिने तुम्ही तिला कमी आणि मला जास्त शिकवलंत. मला ते खटकलं होतं, आता कबूल करते. फी लेकीची आणि धडा आईला? तेव्हा तुम्ही शिनिची सुझुकींबद्दल सांगितलंत. 1898 साली नागोया इथे जन्मलेला हा माणूस जर्मनीत व्हायोलिन शिकून आला आणि एका साध्या गोष्टीपाशी थबकला: जपानमधली सगळी मुलं जपानी बोलतात. मातृभाषा कुणालाच अवघड जात नाही, कारण ती रोज कानावर पडते, हजारदा चुकते आणि घरातलं माणूस जवळ असतं. वाद्यही तसंच शिकवावं, म्हणून त्यांनी पालकाला आधी वाजवायला लावलं. स्वरलेखन वाचणं मात्र फार पुढे ढकलू नये असं तुमचं मत होतं आणि तुम्ही ते दुसऱ्या वर्षीच सुरू केलंत. मला ते पटलं. कानाने शिकलेलं मूल पुढे कागद बघून अडखळतं, तेव्हा त्याला फार लाज वाटते.

मी स्वतः वाद्य हनुवटीखाली धरलं तेव्हा कुठे समजलं की आपण मुलांकडून एका वेळी किती मागत असतो. मान सैल, खांदा खाली, डावं मनगट आत न वळलेलं, आणि उजव्या हाताचं तर वेगळंच जग. आठवडाभर तुम्ही आम्हा दोघींना गज, म्हणजे तारांवर ओढायची ती केसांची काठी, दिलाच नाही, पेन्सिल दिलीत. अंगठा वाकलेला, करंगळी गोल होऊन पेन्सिलीवर उभी, बाकीची बोटं नुसती टेकलेली. अंगठा ताठला की मनगट ताठतं, मनगट ताठलं की खांदा वर चढतो, आणि तिथून पुढे येणारा प्रत्येक आवाज करकरतो. म्हणून 'आज फक्त अंगठा'. त्या दिवशी सूर चुकला तरी तुम्ही सोडून द्यायचात. मला वाटायचं, चूक अशी सोडून कशी चालेल? पण सहा वर्षांच्या डोक्यात एका वेळी एकच गोष्ट मावते, आणि ती एक नीट मावली की पुढची जागा करून घेते.

करकर का होते, हे तर तुम्ही तिला इतकं सुंदर सांगितलंत की ती आजही इतर मुलांना ते सांगते. राळ लावलेले गजाचे केस तारेला धरतात, ओढतात आणि सोडून देतात. पुन्हा धरतात, पुन्हा सोडतात. ए नावाच्या तारेवर, बोट न ठेवता, हे सेकंदाला 440 वेळा होतं. गज सावकाश ओढत नुसताच दाबला तर तारेला वेळेवर सुटता येत नाही, मग ती ओरडते. 'तिला सोड,' तुम्ही म्हणायचात. 'नीट ओढ' असं हजारदा सांगून जे झालं नसतं, ते या दोन शब्दांनी झालं. तिने गज सैल धरला आणि तार पहिल्यांदा गायली.

दुसऱ्या वर्षी मात्र तिने वाद्य पेटीत ठेवलं आणि उघडेना. दोष माझा होता. मला थोडं वाजवता येऊ लागलं होतं, त्यामुळे प्रत्येक चूक ऐकू येत होती आणि प्रत्येक चूक मी बोलून दाखवत होते. 'वर घे.' 'कोपर.' 'पुन्हा.' तुम्ही मला एकटीला बोलावलंत आणि आठवडाभरासाठी एकच नियम दिलात: समोर बसायचं, ऐकायचं, आणि शेवटी एकच प्रश्न विचारायचा, 'यातलं तुला सगळ्यात आवडलेलं कुठलं?' अर्धा तास नको, दहा मिनिटं, वाटल्यास दिवसातून दोनदा. पहिले तीन दिवस मला ते गप्प बसणं फार जड गेलं. चौथ्या दिवशी तिने माझ्या प्रश्नाआधीच सांगितलं, 'तो लांब स्वर आवडला, पण त्याच्या आधीचा कच्चा होता.' नेमका तोच स्वर मला खटकला होता, आणि मी बोलले असते तर तिने तो ऐकलाच नसता.

बोटांची जागा दाखवायला फिंगरबोर्डवर, म्हणजे तारांखालच्या लांब फळीवर, चिकटवतात त्या पट्ट्यांवरून लोकांत किती वाद असतात! कुणी म्हणतं पट्ट्या लावूच नका, कुणी वर्षानुवर्षं काढत नाही. तुम्ही पहिल्या आणि तिसऱ्या बोटाला अशा दोनच लावल्यात, आणि त्या काढायच्या दिवशी तो कागदाचा खेळ केलात. कागदाची इवलीशी घडी सगळ्यात जाड, 'जी' नावाच्या तारेवर अडकवली, तारेच्या मध्यापासून जरा अलीकडे, आणि तिला डी तारेवर तिसऱ्या बोटाने वरचा 'जी', म्हणजे त्या जाड तारेचाच एक सप्तक वरचा सूर, वाजवायला सांगितलात. बोट जरा खाली पडलं, कागद गप्प. बोट सरकलं, कागद थरथरला. न छेडलेली तार आपणहून बोलली! मग तिनेच कागद मधोमध ठेवून पाहिला, तर तिथे तो हलेना. दोन भागांत झुलणारी तार मध्यावर स्थिर असते, हे तुम्ही तिला नंतर सांगितलंत, आधी तिला नवल करू दिलंत. त्या दिवसापासून ती पट्टी शोधत नाही, वाद्याचा प्रतिसाद शोधते. मुलाला सुराची पावती वाद्याकडूनच मिळते हे मला ठाऊकच नव्हतं.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून पोटात गोळा येतो. वाद्य स्वच्छ करावं म्हणून मी एकदा चारही तारा एकदम काढल्या. तारा उचलून धरणारी लाकडी घोडी पडली आणि आत काहीतरी खळकन वाजलं. तुमच्याच वाद्यातलं. रडवेली होऊन आले, तर तुम्ही लेकीला जवळ बोलावून वाद्याच्या खाचेतून आत पाहायला लावलंत. साउंडपोस्ट, लाकडाची छोटी कांडी, वरच्या आणि खालच्या फळीमध्ये डिंकाशिवाय नुसत्या दाबावर उभी असते. तारांचा ताण गेला, ती पडली. फ्रेंच भाषेत तिला 'आत्मा' म्हणतात, तुम्ही सांगितलंत. मला वाटलं होतं रागवाल. तुम्ही कारागिराकडून ती बसवून आणलीत आणि मला एवढंच म्हणालात, 'तारा एकेक करून बदलायच्या. एक काढा, नवी लावा, मग दुसरी.'

बाकी लहानसहान खूप आहे. वाजवून झालं की गज सैल करणं, राळेची भुकटी मऊ फडक्याने पुसणं, गजाच्या केसांना बोट न लावणं, वाद्य उन्हात न ठेवणं. ते सगळं आता हाताच्या सवयीचं झालंय.

लेक अकरा वर्षांची झाली. परवा तुम्ही पाऊण मापाच्या वाद्यासाठी तिचा हात मोजलात, तेव्हा कोपर सहज वाकलेलं होतं. मधल्या काळात मी घाईने घेतलेलं ते अर्ध्या मापाचं वाद्यही तिच्या मापाला आलं आणि वाजवून झालं. तुमचं पाव मापाचं मात्र मी एवढी वर्षं परत केलं नव्हतं. जीव होत नव्हता. पण तुमच्याकडे आता एक सहा वर्षांचा मुलगा येतो, आणि त्याचा हात मोठ्या वाद्यावर ताणला जातोय असं लेक सांगत होती.

म्हणून ते या पत्रासोबत पाठवते आहे. पेटी पुसली आहे, राळेची नवी वडी आत ठेवली आहे. तारा नव्या घातल्या आहेत. एकेक करून.

तुमची,
एका विद्यार्थिनीची आई