बहात्तरचे कागद शोधायला शिकवणाऱ्या भाऊसाहेबांना

आदरणीय भाऊसाहेब,
सा. न. वि. वि.

बहात्तरच्या दुष्काळावरच्या पुस्तकाची पहिली प्रकरणं एकदाची उभी राहिली. मनोगताच्या शेवटी 'यांचेही सहकार्य लाभले' या रांगेत तुम्हाला बसवणं माझ्या जिवावर आलं होतं, आणि नाव छापायचं नाही असं तुम्ही बजावलंही आहे. म्हणून हे बिननावाचं जाहीर पत्र. गावातली माणसं तहसिलातल्या कारकुनाला ज्या नावाने हाक मारतात तेच वर लिहिलंय. 'सर' म्हटलेलं तुम्हाला आवडत नाही, हे पहिल्याच दिवशी कळलं होतं.

माझ्या तेव्हाच्या आराखड्यात काय नव्हतं! दुर्गादेवीचा दुष्काळ, १८७६चा दुष्काळ, वसंतराव नाईकांचं सरकार, वि. स. पागे आणि त्यांचा तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा १९६५चा रोजगार हमीचा प्रयोग, पुढे त्याच हमीचा १९७७चा कायदा. माणदेशातला एक पाझर तलावही होता, पार शेवटाकडे. तुम्ही सगळं वाचलंत आणि त्या तलावावर बोट ठेवलंत. "हा कुणी खोदला, तेवढं लिहा. बाकीचं त्यातनं येतंय का बघू."

मे १९७३मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. हा आकडा मी प्रत्येक खर्ड्याच्या पहिल्या ओळीत घालायचे. आता तो बांधावर पाट्या टाकणाऱ्या बायकांच्या मागून येतो, आणि मगच पुरेसा मोठा वाटतो.

पण खरं अडलं होतं ते कागदांपाशी. सरकारी काम होतं म्हणजे हजेरीपत्रकं कुठेतरी असणारच, या भरवशावर मी निघाले होते. तुम्ही चहा ओतता ओतता मला दप्तराचं अ, ब, क, ड समजावलंत: अ वर्गातलं कायम ठेवायचं, ड वर्गातलं वर्षभरात काढायचं. मस्टर, म्हणजे तीच हजेरीपत्रकं, केव्हाच रद्दीत गेलं असणार, त्याच्यामागे एसटीचे पैसे घालवू नका, असंही सांगितलंत. आणि जे उरलंय ते 'टंचाई' या नावाखाली शोधा, कारण १९६३मध्ये राज्याने कायदा करून 'दुष्काळ' हा शब्दच कायद्यांतून काढून टाकलाय. हे कुठल्याही कार्यशाळेत कुणी सांगत नाही. तिथे प्रकरणाची सुरुवात आकर्षक कशी करावी, एवढंच सांगतात.

मस्टर नाही तर काय, म्हणून मी हिरमुसले, तेव्हा तुम्ही गावच्या प्राथमिक शाळेत पाठवलंत. जनरल रजिस्टर कायमचं दप्तर आहे, शाळा ते फेकत नाही. मुख्याध्यापकांनी ते कापडात बांधलेलं काढून दिलं. १९७२-७३च्या पानांवर शाळा सोडल्याच्या कारणाच्या रकान्यात एकाखाली एक 'सतत गैरहजर', 'सतत गैरहजर'. ती मुलं कुठे गेली होती ते त्यांच्यातल्याच दोघांनी पुढे सांगितलं: आई खडी फोडायला, आणि धाकटं भावंड सांभाळायला हे. सगळं दुसरं प्रकरण त्या एका रकान्यातून निघालं. प्रकाशक मात्र अजून "दुष्काळावरचं कोण वाचणार" म्हणताहेत. असो.

माणसांशी बोलायचं कसं, हेही तुमच्याकडूनच आलं. १९७०पासूनची सगळी वाईट सालं लोकांच्या तोंडी 'बहात्तर'च असतात. लाल मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी, वाटपातली कोरडी सुकडी, विकलेली जनावरं, सगळं त्या एकाच सालात. "साल विचारू नका," तुम्ही म्हणालात, "तेव्हा कडेवर कोण होतं ते विचारा." आणि खरंच, थोरल्याचं दूध तुटलं होतं की धाकटी रांगत होती, हे एकही आजी चुकली नाही. मुलांच्या जन्मतारखा त्याच रजिस्टरात होत्याच. जिथे आठवण आणि कागद जुळलेच नाहीत, तिथे मी निवाडा करत बसले नाही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेत.

एका आजींनी दागिना मोडल्याची गोष्ट सांगितली आणि लगेच "हे लिहू नको" म्हणाल्या. ती गोष्ट पुस्तकातली सगळ्यात चांगली गोष्ट झाली असती. नाव बदलून घालू का, असं तुम्हाला विचारलं, तर तुम्ही चक्क चिडलात. "मला काय विचारता? दागिना माझा होता?" आजींना पुन्हा विचारलं. नाही म्हणाल्या. गोष्ट पुस्तकात नाही.

तुमच्या पेन्सिलीबद्दल थोडी तक्रारही करायची आहे. 'भीषण', 'विदारक', 'हृदयद्रावक' काटलेत ते ठीक. पण 'उन्हात' का काटलंत? उन्हाळ्यात काम उन्हातच होणार, असा तुमचा युक्तिवाद मला अजून पटलेला नाही. तो शब्द मी परत घातलाय.

तिसऱ्या प्रकरणाची प्रत मोठ्या टाइपात काढून पोस्टाने पाठवतेय. खडीच्या मोजमापाचा हिशेब त्यात आहे. १०० घनफुटांचा एक ब्रास धरून मजुरी लावली आहे, तेवढी तपासून द्या. घाई नाही, मोतीबिंदूचं ऑपरेशन आधी उरकून घ्या. काकूंना नमस्कार सांगा.

कळावे, लोभ असावा.

आपली,
पाझर तलाववाली