सूचना: नदीमुखाच्या उद्यानातली कयाक सहल

मंडळी, रविवारी ठरल्या वेळी निघतोय. उद्यानापर्यंत रस्ता नाही, शेवटचा टप्पा पाण्यातूनच आहे, त्यामुळे उशिरा येणाऱ्यासाठी थांबणार नाही.

कारण ओहोटी. भरतीपासून ओहोटीपर्यंत साधारण ६ तास १२ मिनिटं लागतात, पण पाणी एकसारखं उतरत नाही. पहिल्या तासात जेमतेम बारावा हिस्सा जातो, मधल्या दोन तासांत निम्मं. मागच्या खेपेला आम्ही चौघं गुडघाभर चिखलात रुतलो ते याच दोन तासांत (एक चप्पल अजून तिथेच आहे). त्यात अमावास्या जवळ आलीय, म्हणजे उधाण. भरतीबरोबर आत जायचं, ती उतरू लागली की लगेच परतायचं. वारा समुद्राकडून आणि ओढ समुद्राकडे असेल तर मुखाशी लाटा उभ्या राहतात. तिकडे कुणीही फिरकू नये.

लाईफ जॅकेट अंगात हवं, कयाकमध्ये ठेवलेलं चालणार नाही. नदीचं पाणी तिथे खारट असतं, माणशी तीन लिटर पाणी घ्या.

पाणी उतरलं की चिखलावर पक्षी खाद्य टिपायला येतात. टिपता टिपता पक्ष्याने मान ताठ केली, की आपण फार जवळ गेलो असं समजा. वल्हं मांडीवर आडवं ठेवून गप्प वाहत राहा. खडकावर माशांचे खवले आणि काटे मिसळलेली विष्ठा दिसली तर पाणमांजर आसपास आहे. ड्रोन नको.

नावं गुरुवारपर्यंत कळवा.