शिक्षकांच्या छंदांनाही अर्धा तास द्या

संपादक महोदय,

'शाळा सुटली की गुरुजी मोकळे' हा समज गावोगावी आहे. मी जिल्हा परिषद शाळेत नुकतीच रुजू झालेली शिक्षणसेविका. पहिली तीन वर्षे मानधनावर काम करायचे. प्राथमिकचे मानधन २०२३ पासून ६ हजारांवरून १६ हजार झाले, हे चांगलेच. तरी खोलीभाडे, पेट्रोल आणि घरी पाठवायचे पैसे यांत महिनाअखेर ओढाताण होतेच. पोषण आहाराची माहिती रोज अॅपवर भरायची, तीही रेंज मिळाली तर!

उरल्या वेळात मी पक्षी पाहते. तारेवरचा वेडा राघू पकडलेली माशी आपटून आपटून कसा खातो, हे तिसरीच्या पोरांना एकदा दाखवले. आता परिसर अभ्यासाच्या तासाला तीच मला हाताला धरून बांधावर नेतात. शेजारच्या शाळेतले सर पेटी छान वाजवतात, पण हे आम्हाला एका लग्नात कळले. आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत (शिक्षकांच्या बैठकीत) अहवालवाचन थोडे आवरून अर्धा तास अशा छंदांना द्यावा, ही शिक्षण विभागाला विनंती.

– एक शिक्षणसेविका, अकोले