जुनी ‘मैत्री’ परत आणण्याचा खर्च आताच धरा

संपादक महोदय,

अंटार्क्टिकात ‘मैत्री-२’ हे नवे संशोधन केंद्र उभारण्याचा मनोदय भारताने मे २०२४ मध्ये कोचीतील अंटार्क्टिक कराराच्या बैठकीत जाहीर केला. १९८९ पासून तिथे राबणाऱ्या भारताच्या ‘मैत्री’ केंद्राची जागा घेणारे केंद्र हवेच. मात्र जुने केंद्र उतरवून देशाबाहेरच्या त्या भूमीवरून हलवायचे कधी आणि कोणत्या पैशातून, हे नव्याच्या अंदाजपत्रकातच ठरले पाहिजे. अंटार्क्टिकाच्या पर्यावरण रक्षणासाठीच्या १९९१ च्या माद्रिद प्रोटोकॉलनुसार वापरून सोडलेली जागा वापरणाऱ्यानेच साफ करायची असते.

हे काम नंतरवर ढकलण्याजोगे नाही, याचे कारण वाहतूक. ‘मैत्री’ समुद्रापासून सुमारे १०० किलोमीटर आत, खडकावर आहे. जहाज हिमस्तराच्या कडेला लागते, तिथून बर्फावर चालणारे ट्रॅक्टर स्लेज ओढत सामान नेतात. भर उन्हाळ्यात दुपारी बर्फ भुसभुशीत होतो, स्लेज रुततात. म्हणून ताफा रात्री, सूर्य क्षितिजाजवळ असताना आणि पृष्ठभाग कडक असताना काढावा लागतो. भेगांमुळे आखलेली वाट सोडता येत नाही. अशा मोजक्याच फेऱ्या मिळतात. बांधकामाचे सामान उतरवून स्लेज समुद्राकडे रिकामी परतली, तर ती फेरी वाया गेली. नव्याचे सामान आत येताना जुन्याचे बाहेर जायला हवे.

सर्वांत आधी इंधनाची पिंपे. २०० लिटरचे भरलेले पिंप साधारण १८० किलोचे. ते उघड्यावर राहिले की हिवाळी वादळात बर्फाखाली जाते, आणि उन्हाळ्यात खणून काढताना फावड्याचा किंवा यंत्राचा घाव बसून फुटते. त्या थंडीत सांडलेले तेल जिरवणारे जीवाणू फार मंद चालतात. डाग वर्षानुवर्षे राहतो आणि वितळपाण्याबरोबर तळ्याकडे सरकतो. ‘मैत्री’चे पिण्याचे पाणी शेजारच्या प्रियदर्शिनी तळ्याचेच आहे! म्हणून पिंपे गळती धरणाऱ्या तबकात, उंचवट्यावर, खुणेचा बांबू रोवून ठेवावीत. रिकामी झाली की उरलेले तेल काढून, दाबून चपटी करून पहिल्याच ताफ्यात धाडावीत. मग बॅटऱ्या, रबर, प्लास्टिक. भिंतींचे तक्ते वारा पडलेला असतानाच सुटे करावेत आणि लगेच बांधावेत. सैल तुकडा एकदा उडाला की हाती लागत नाही.

अंटार्क्टिकातील भारताचे दुसरे केंद्र ‘भारती’ २०१२ मध्ये १३४ कंटेनर जोडून उभे राहिले, पुढे सुटे करता येईल असे. नव्या केंद्रातही तीच अट असावी.

एवढ्या मोठ्या बांधकामाच्या पर्यावरण मूल्यमापनाचा मसुदा अंटार्क्टिक कराराच्या बैठकीच्या किमान १२० दिवस आधी सर्व सदस्य देशांना द्यावा लागतो. त्यात जुन्या केंद्राविषयी मोघम परिच्छेद नकोत. वस्तूनिहाय यादी, वजन आणि कोणत्या हंगामात काय निघणार, हे हवे. वास्कोच्या राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राने दर मोहिमेनंतर किती टन नेले आणि किती टन परत आणले, हे दोन आकडे आपल्या संकेतस्थळावर शेजारी शेजारी द्यावेत.

– एक वाचक, वास्को (गोवा)